पाणी कुठाय?

काकांनी विचारलं, "पाणी कुठाय गं?" मी उठले, माठातून भांडं भरून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. जूनचा पहिला आठवडा होता. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या भिंती दुपारी हात लावला तर चटका बसेल अशा तापलेल्या. पंचाहत्तरीच्या माणसानं अशा वेळी पाणी मागितलं तर त्यात दुसरा अर्थ शोधायचं काही कारण नव्हतं. काका वरून घटाघटा प्यायले, भांडं खाली ठेवलं, पंचानं तोंड पुसलं. मग चष्मा नाकावर सरकवून लॅपटॉपकडे बोट केलं. "हे झालं. ते पाणी कुठाय?"

मी "बघते" म्हणाले. खोटं बोलावं लागत नाही, एवढ्या एका शब्दात भागतं. काकाही "बघ की" म्हणून पेपरात डोकं घालून बसले. मी मात्र त्या पडद्यासमोर बसून राहिले. फोल्डरांची यादी वर-खाली करत होते, जणू चार वेळा खाली-वर केलं की मधूनच कुठून तरी ते नाव पुन्हा उगवेल. उगवणार नव्हतं. ते मीच काढून टाकलं होतं, मे महिन्यात, एका रात्री, दोन सेकंदांत.

आमच्या घरात जिन्याखालच्या कोनाड्यात एक काळा डबा आहे. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडा लहान, पुढे चार हिरवे दिवे, आत दोन हार्ड डिस्क. जाणकार त्याला नॅस म्हणतात. घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपांनी आपापली अडगळ त्यात टाकायची आणि तो चोवीस तास जागा राहून ती सांभाळणार, एवढंच त्याचं काम. तो घेतला २०१२ च्या जानेवारीत, आणि फार महाग पडला. आदल्या पावसाळ्यात थायलंडला मोठा पूर आला होता. जगातल्या हार्ड डिस्कांचा मोठा हिस्सा तेव्हा तिथल्या कारखान्यांत तयार व्हायचा. ते कारखानेच पाण्याखाली गेले आणि डिस्कांचे भाव जगभर भडकले. थोडं थांबू या, असं मी म्हणत होते. पण काकांनी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली. त्यांना भाव चढल्याचं कौतुक नव्हतं. पेठेतला माल पुरात गेला की भाव चढतो, ही त्यांच्या दृष्टीनं जगातली सर्वांत साधी गोष्ट. त्यांना दुसरंच आवडलं. "म्हणजे त्यांच्याकडं पण पूर येतो होय?" असं म्हणून त्यांनी पैसे मोजून दिले. भाऊबंदकीतल्या लग्नाचा आहेर द्यावा तसे.

डब्याला नेटवर्कवर एक नाव द्यावं लागतं. मी 'होम' वगैरे काहीतरी टाकत होते. काका म्हणाले, पेव लिही.

पेव म्हणजे काय हे सांगलीकरांना सांगायला नको, पण त्यातून काढलेली हळद काकांच्या तोंडून ऐकावी. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जी माती आहे, तिच्यात खोल खड्डे खणलेले असत. तोंड एवढंसं, पोट मोठं, रांजणासारखं. त्यात हळकुंडं भरायची, वरून पाला-गवत घालून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. हळद तिथे वर्षानुवर्षं राहायची, वर उन्हाळा-पावसाळा होत राहायचा. भाव आला की पेव फोडायचं. पण तोंड उघडलं म्हणून लगेच कुणी आत उतरायचं नाही. बराच वेळ तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. हे सांगताना काका हातानं दोरी सोडायचे, आणि लहानपणी आम्ही भावंडं जाजमावर पालथी पडून त्या नसलेल्या खड्ड्यात डोकावायचो. त्यांच्या सदऱ्यांना तेव्हा कायम हळदीचा वास असायचा, कोरडा, थोडा मातकट, धुऊनही न जाणारा. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि तिथली बरीच हळद कुजली. पेवांचा तो सगळा व्यवहारच त्यानंतर उतरणीला लागला. माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. काकांनी नाव उचलून आमच्या जिन्याखाली आणलं.

तर यंदाच्या मे महिन्यात हे पेव शिट्ट्या मारायला लागलं. काकूंना वाटलं कुकर. रात्री दोनला कुणी कुकर लावत नाही हे लक्षात आल्यावर त्या गॅस तपासून आल्या, मग इन्व्हर्टर, आणि शेवटी मला पुण्याला फोन. मी शुक्रवारी संध्याकाळी पोचले. दोनपैकी एक डिस्क म्हातारी झाली होती. डिस्क स्वतःची तब्येत स्वतःच नोंदवत असते. तिच्या त्या नोंदवहीत 'वाचायला जमत नाहीत, पुन्हा प्रयत्न करू' अशा जागांचा एक आकडा असतो. तो शून्य असावा. आमचा चौसष्ट होता. शिवाय दोन टीबीतली सगळी जागा भरत आलेली. बारा वर्षांत घरात तीन लग्नं झाली, दोन बारशी झाली, आणि काकांनी स्कॅनर घेतला. या सगळ्यांत जागा खाण्यात पहिला नंबर स्कॅनरचा.

चार टीबीच्या दोन नव्या डिस्का आणायला मी दुकानात गेले. तिथल्या मुलानं समोर ठेवलेल्या स्वस्त डिस्का मी परत दिल्या. त्याला माझा राग आला असावा. पण त्यांच्यात डेटा कौलांसारखा बसवलेला असतो. एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवून, कौलारू छपरावर एका कौलाची कड दुसऱ्यावर येते तसा. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात. नुसते फोटो टाकून ठेवायला हे चालतं. पण जोडीतली एक डिस्क गेली आणि तिच्या जागी आलेल्या नवीवर सगळंच्या सगळं पुन्हा उतरवायचं झालं की अशी डिस्क धापा टाकते. आमच्या घरावर अजून मंगलोरी कौलं आहेत. दर वर्षी मृगाच्या आधी कौलं शाकारणारा माणूस वर चढतो आणि एक बदलायला गेला की चार फोडतो. मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

डिस्कांना हात लावण्याआधी सॉफ्टवेअर. काकांना भाच्यानं दिवाळीत नवा लॅपटॉप दिला होता, आणि त्या लॅपटॉपला हे पेव दिसतच नव्हतं. कारण असं की आमचा डबा फायलींची देवाणघेवाण ज्या जुन्या पद्धतीनं करायचा, ती पद्धत म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं याच पद्धतीतल्या एका भगदाडातून जगभरचे संगणक बंद पाडले. त्यानंतर विंडोजनं नव्या यंत्रांवर ती बोलीच बंद करून टाकली. डबा जुन्या बोलीत हाका मारतोय, लॅपटॉप ऐकूनही ओळख देत नाही. आजोबांच्या रोजकीर्दी आठवल्या. आमच्याकडे लाकडी पेटीत सात-आठ वह्या आहेत, मोडीत लिहिलेल्या. कागद धडधाकट, शाई जशीच्या तशी, आणि घरात एकालाही एक ओळ वाचता येत नाही. काकांना आकडे तेवढे कळतात. "इथं कुणाचे तरी सातशे येणं आहे," असं ते एकदा म्हणाले होते, आणि ते कुणाचे हे कळायचा मार्ग नसल्यामुळे सगळ्यांनाच हसू आलं होतं. नवं सॉफ्टवेअर एका उडीत चढत नाही. जुन्यावरून मधलं, मधल्यावरून त्याच्या पुढचं, अशा तीन पायऱ्या घ्याव्या लागल्या. प्रत्येक पायरीला डबा बंद होऊन चालू व्हायचा आणि दिवे नारिंगी होऊन मिनिटामागून मिनिटं लुकलुकत राहायचे. त्या काळात करण्यासारखं काही नसतं. मी भडंग खाल्ला. तिसऱ्या पायरीनंतर लॅपटॉपवर 'पेव' हे नाव उमटलं तेव्हा काकांनी टाळी वाजवली. कंपनीनं या डब्यासाठी काढलेलं हे शेवटचं सॉफ्टवेअर, यापुढे काही येणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आजारी डिस्क काढली, नवी घातली. दोन डिस्का एकमेकींचा आरसा असतात. एकीवर जे लिहिलं ते त्याच क्षणी दुसरीवर. नवी घातली की जुनीवरून सगळं तिच्यावर उतरायला लागतं. पडद्यावर आलं, अंदाजे वेळ चौदा तास. साडेआठला वळीव आला. आधी ती धूळ, मग मातीचा वास, समोरच्या पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, आणि लाईट गेली. मी डबा छोट्या यूपीएसवर लावलेला होता, पण त्या यूपीएसची बॅटरीही काही कालची नव्हती. जिन्याखाली अंधारात मी आणि काकू बसलो. हिरवे दिवे चालू, पंख्याची घरघर, यूपीएसची दर काही सेकंदांनी टिक. काकूंनी हात जोडले. गणपतीला असावेत, पण तोंड डब्याकडे होतं. सोळा मिनिटांनी लाईट आली.

झोप उडाली होती. बाराला एकवीस टक्के. एकला सव्वीस. अशा वेळी हात शिवशिवतात. मोलकरीण येण्याआधी घर आवरणाऱ्या जातीतली मी. नव्या डिस्कवर जुनी घाण कशाला, असं म्हणून काकांची फोल्डरं उघडून बसले. लाईट बिल. घरपट्टी. गॅस. पाणी. फोन. प्रत्येकात स्कॅन केलेले कागद, तेच तेच, दोन-दोन तीन-तीनदा. कुणाला हवीत १९९८ ची लाईट बिलं? 'लाईट बिल' काढलं. 'गॅस' काढलं. 'पाणी' उघडलंसुद्धा नाही. पाणीपट्टीच्या पावत्या, दुसरं काय असणार. बाजूला आकडा दिसत होता, नऊ जीबी. पाणीपट्टीनं नऊ जीबी कसे भरतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. रात्री दीड वाजता नाही पडला. 'नक्की काढायचं?' असं यंत्रानं विचारलं, मी हो म्हणाले. नेटवर्कवरून काढलेली फाईल कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडत नाही, थेट जाते, आणि डब्याची स्वतःची कचरापेटी मी चालू केलेली नव्हती. आरशातल्या दोघींनी मिळून, अतिशय प्रामाणिकपणे, माझी आज्ञा पाळली.

त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारी दुसरी नवी डिस्क चढवली, सोमवारची रजा टाकली, मंगळवारी पहाटेच्या गाडीनं परत. जाण्याआधी एक शहाणपणाही केला. दुसरी जुनी डिस्क ठणठणीत होती, ती पुसून, एका खोक्यात बसवून, नव्या पेवाची पूर्ण प्रत तिच्यावर काढली आणि पुण्याला घेऊन गेले. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावानं हा नियम सांगितला जातो आणि मी तो ऑफिसात नव्या पोरांना ऐकवत असते. आरसा म्हणजे प्रत नव्हे, हेही ऐकवते. नियम पाळायला गेले, पण क्रम उलटा. आधी प्रत, मग झाडलोट, असा तो असतो.

'पाणी'मध्ये काय होतं ते काकांनी स्वतःच त्या दुपारी सांगितलं, मी न विचारता. "पाऊस तोंडावर आलाय. गेल्या साली मृगाला किती होतं बघावं म्हटलं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या आहेत. पावसाळा लागला की अख्खं शहर एकमेकांना नमस्काराऐवजी तोच आकडा विचारतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. काका २००६ पासून पावसाळ्यात रोज सकाळी चालत घाटापर्यंत जातात आणि त्या खुणांचा एक फोटो काढतात. आधी कॅमेऱ्यानं, मग फोननं. सगळे फोटो दिसायला एकच. तोच १९२९ चा पूल, त्याच कमानी, तोच खांब, खाली कधी हिरवट, कधी चहाच्या रंगाचं पाणी. घरात सगळ्यांना माहीत होतं की काका फोटो काढतात. ते कुठे ठेवतात, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

आणि पुलापर्यंत जाता येत नाही अशा दिवसांचे फोटो घरातल्या जिन्याचे होते. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, म्हणून त्यानंतर घरातलं मोलाचं सगळं चौथीच्या वर, असा नियम झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि आमच्याकडे नववी पायरी बुडाली. मी तेव्हा पुण्यात टीव्हीसमोर. रस्ते बंद, फोन लागत नाही, लागला तर काका एवढंच सांगायचे, "सहावी." मग, "सातवी." संध्याकाळी बोटीतून न्यायला माणसं आली. काकूंनी देव घेतले. काकांनी डबा वायरी उपसून उशीच्या अभ्र्यात घातला आणि पोटाशी धरून बसले. बोटीतल्या मुलाला वाटलं, पैसे. पाणी ओसरल्यावर मी गेले, तेव्हा घरभर तो वास होता, जो ज्यांनी घेतलाय त्यांना सांगावा लागत नाही: गाळ, कुजलेलं धान्य, रॉकेल, ओली रद्दी. नवव्या पायरीवर तपकिरी रेघ होती. २०२१ ला पुन्हा आलं, पाचव्या पायरीवर थांबलं. नववीवरची रेघ काकूंनी घासून काढली, काकांनी ती पेन्सिलीनं परत ओढली. यावरून दोघांचं भांडण झालेलं मी पाहिलंय.

आता एकच जागा उरली होती. आजारी डिस्क. झाडलोट करायच्या आधी मी ती डब्यातून बाहेर काढली होती, म्हणजे त्या आरशात शनिवार संध्याकाळपर्यंतचं घर जसंच्या तसं होतं. मी तिला काय केलं? आठवेना. काकूंना विचारलं, "ती काळी-चंदेरी जड वस्तू, विटेच्या निम्मी…"

"ती होय? तूच म्हणालीस की मेलीय म्हणून."

वाळवणावर होती. मे महिनाभर गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड झाले. जुनं लुगडं पसरायचं, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना वजनं. तीन कोपऱ्यांना वरवंटा, खलबत्ता आणि वीट, चौथ्याला अठरा वर्षांचा पावसाळा. आता ती लुगड्याबरोबर पेटीत गेली होती. लुगड्यात गुंडाळलेली, एका कडेला वाळलेला चीक. मी तो नखानं खरवडला. सांगलीच्या मे महिन्यातल्या गच्चीवर वस्तू किती तापते याचा विचार करायचा नाही, असं ठरवलं.

लॅपटॉपला जोडली तर विंडोजनं लगेच विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का? डबा लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर चालतो, तिची मांडणी विंडोजला कळत नाही, आणि जे कळत नाही ते पुसून टाकू या, हे तो नम्रपणे सुचवतो. मला दीड वाजताची मीच दिसले. नाही म्हणाले. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. मरायला टेकलेल्या डिस्ककडून कसं काढून घ्यावं, याची त्याला समज आहे. आधी जे सहज मिळतंय ते भराभर उचलतो, जिथे अडतं ती जागा वहीत टिपून पुढे जातो, आणि सगळं हाती लागल्यावरच त्या अडलेल्या जागांकडे परत येऊन पुन्हापुन्हा विचारतो. डिस्कमधून आवाज येत होता, टक… टक… कर्र. दर आवाजाला माझे खांदे वर जायचे. दोन रात्री आणि मधला दिवस. पंखा डिस्कवर, मी घामात. काका येता-जाता विचारायचे, "काय, कंदील सोडलायस का?"

तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांना सगळं कळलंय.

मग त्या प्रतीतून, जोडीतल्या एकटीला जोडीशिवाय उघडायला लावून, 'पाणी' निघालं. दोन हजार तीनशेच्या आसपास फोटो. त्यांतले सत्तेचाळीस उघडलेच नाहीत. शंभरएक अर्धे उघडले. फोटोची फाईल वरून खाली वाचली जाते, मधे खंड पडला की तिथून खाली सपाट राखाडी रंग. म्हणजे वर आभाळ आहे, पुलाचा कठडा आहे, सायकलवरून जाणारा एक दूधवाला आहे, खांबाचा वरचा भाग आहे, आणि पाण्याच्या जागी राखाडी. गंमत म्हणजे गेलेले दिवस काही खास नव्हते. २०१९ चे जिन्याचे फोटो सगळे शाबूत. गेले ते असेच, जूनमधले, कुणी आकडा न विचारलेले दिवस. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. कुठला दिवस बिनमहत्त्वाचा, हे ठरवण्याचा मक्ता मी एकदा घेऊन झाला होता.

चहाच्या वेळी सांगून टाकलं. काढलं मीच, पावत्या समजून, न बघता. काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "आणि लाईट बिलं?" तीही. तीही परत आणली, सगळी, एकही न गमावता. ते हसले. "ती नसती आणलीस तरी चाललं असतं." मग अर्धे उघडलेले फोटो बघायला मागितले. एकेक सावकाश पाहिला. राखाडी भागाशी चष्मा नेऊन बघितलं, जणू त्याखाली काहीतरी असेल. "पेव फोडल्यावर वरचा थर जायचाच," ते म्हणाले. "कडेचा पण. त्याला घट म्हणायचं. वहीत तिचा वेगळा रकाना असायचा." मी म्हणाले, पण ती घट हळदीनं केलेली, ही मी केली. "हमालानं पोतं फोडलं तरी त्याच रकान्यात," काका म्हणाले, आणि उठून वर गेले.

परत आले ते खिशातल्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन. रबर लावलेला, रबर वितळून कव्हरला चिकटलेलं. २००६ पासूनच्या. पानागणिक तारीख, दूध, भाजी, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत एक आकडा. मी एवढा वेळ दोन रात्री त्या डिस्कपुढे बसले होते आणि हे वर लोखंडी कपाटात होतं. ते का बोलले नाहीत असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर "तू विचारलंस कुठं" म्हणाले असते.

"गेलेल्यांची यादी आहे ना तुझ्याकडं? नावं तरी घालून ठेवू."

फायलींची नावं वाचली होती, आतलं काही नव्हतं. नावात तारीख होती. मी तारीख वाचायची, काकांनी पान काढायचं, आकडा सांगायचा आणि मी तो नावापुढे लिहायचा. बाहेर ढग जमले होते, स्वयंपाकघरात काकू खिडक्या लावत होत्या.

"१४ जून २०१३."

"चौदा… थांब. तेरा. तेरा फूट."

"१५ जून."

"लिहिलं नाही. त्या दिवशी तुझं बघायला आले होते ते लोक. पुढं."

"१९ जून."

"अठरा. नाही, सोळा. आठ खोडलाय. सोळा लिही."

लाईट गेली. जिन्याखाली यूपीएस टिकटिकायला लागला. काकांनी डायरी खिडकीकडे धरली.